आधी जागा, मग उजेड: रंकाळ्याकाठच्या छायाचित्रणाची पार्श्वभूमी

हिवाळ्यात साडेचार-पाचच्या सुमाराला रंकाळा तलावाच्या चौपाटीवर गेलं की दोन-चार ट्रायपॉड रोवलेले दिसतात. ऊन अजून पांढरंच असतं, पाण्यावर नुसती चकाकी असते. तरी ती मंडळी गुडघे टेकून क्षितिजाची रेघ वर-खाली करत असतात, एखादा दगड चौकटीत घेतात, पुन्हा काढतात. उजेड यायच्या आधीच जागा पक्की करून ठेवायची, ही कोल्हापूरची जुनी सवय आहे आणि तिच्यामागे दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या घडामोडी आहेत.

पहिलं कारण भूगोलाचं. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सूर्य बराच उभा उतरतो. मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या सुमाराला तो क्षितिजापासून सहा अंशांवर आल्यापासून मावळेपर्यंत सोनेरी उजेडाची जेमतेम २५ मिनिटं मिळतात. लंडनमध्ये याच प्रवासाला जवळजवळ ४० मिनिटं लागतात. सोनेरी उजेडाचं कौतुक करणारी बरीच पुस्तकं तिकडच्या लांबलेल्या संध्याकाळी पाहून लिहिलेली आहेत. ती वाचून इथे निवांत फिरत राहिलेल्या माणसाच्या हाती काळोख येतो. मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत तर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस होतो, आणि त्या उभ्या उन्हात डोंगराचा उतार कागदासारखा सपाट दिसतो.

सूर्य कुठे आणि कधी येणार याचा हिशेब या गावाला नवा नाही. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव म्हणजे तोच हिशेब दगडात बांधलेला. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतात. हवा स्वच्छ असेल तर पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत चढतात. ज्यांनी हे बांधलं त्यांनी चौकट आधी उभी केली आणि उजेडाला तिच्यात यायला सांगितलं, असंच मला दर वर्षी त्या गर्दीत उभं राहिल्यावर वाटतं. ढग आले किंवा धुरकट हवा असली की किरणं वाटेतच विरतात, आणि चौकात उभ्या माणसांचा एकदम उसासा निघतो.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जगापुढे आली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीही स्थापन झाली. पण निसर्ग टिपणं तेव्हा फार कष्टाचं होतं. १८५१ नंतर चालू झालेल्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर कलोडियन हे चिकट रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुऊन काढायचा. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. आपल्याकडच्या उन्हात त्याहूनही कमी. त्यामुळे आधी प्लेट धुवायचा काळोखा तंबू, कॅमेरा, चौकट हे सगळं ठरवायचं आणि मगच प्लेटला हात लावायचा. त्यात त्या प्लेटला निळा रंग फार लवकर लागायचा आणि हिरवा फार उशिरा. झाडं नीट आली की आभाळ कोरं पांढरं पडायचं. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्राची एक आणि ढगांची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून यावर वाट काढली. आज मोबाइल क्षणात दोन-तीन एक्सपोजर, म्हणजे कमी-जास्त उजेड घेतलेले फोटो, जोडतो त्याचं मूळ तिथं आहे. पुढे १८७१ मध्ये कोरडी प्लेट आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट. त्यानंतर लाल फिल्टर लावूनही ढग उठवता येऊ लागले.

कोल्हापुरात मात्र उजेड वाचायला आधी शिकवलं ते चित्रकारांनी. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना मिळाला आणि कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून ते रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ पुन्हापुन्हा रंगवत राहिले. तेच पाणी, तीच झाडं, पण वेळ निराळी. १९३१ मध्ये ते गेले. इथल्या निसर्गछायाचित्रणाचा आरंभ मी त्यांच्या कागदावर मानतो. एकाच जागी वर्षानुवर्षं परत जायचं आणि दर वेळी उजेड काय वेगळं करतोय ते पाहायचं, हे निसर्गाच्या फोटोचं निम्मं शिक्षण आहे.

त्यांच्या पाठोपाठ आनंदराव आणि बाबूराव पेंटर. नाटकाचे पडदे रंगवणारे हे हात. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, महालाचा पडदा. सपाट कापडावर जवळचं झाड गडद, मधली नदी मध्यम, मागचे डोंगर फिके, अशी खोली उभी करायची. सकाळच्या धुक्यात पंचगंगेच्या घाटावर नेमकं हेच दिसतं: पुढची दीपमाळ काळी, मागची शिखरं करडी, पलीकडचा काठ जवळजवळ पुसलेला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी १९१८ मध्ये देशी बनावटीचा कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. मूकपटांचं चित्रीकरण मुख्यतः सूर्यावरच चालायचं. डोक्यावर पांढरं कापड ताणून ऊन मऊ करायचं, रिफ्लेक्टरने ते चेहऱ्यावर परतवायचं. कामाला आलेला माणूस ढग बघून वेळ सांगायला शिकला तो इथंच. पुढे नट म्हणून गाजलेले चंद्रकांत मांडरे शूटिंगच्या निमित्ताने जिथं जातील तिथं निसर्गचित्रं करत राहिले. राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी आज संग्रहालय आहे. फोटोग्राफरने तिथली पावडर शेडिंगची चित्रं जरूर पाहावीत; रेघ न ओढता फक्त उजेड-सावलीच्या थरांवर डोंगर कसा उभा राहतो ते कळतं.

फिल्मच्या काळाबद्दल मला जवळून सांगता येतं. ३६ फोटोंचा रोल, त्यातही रंगीत स्लाइड असली तर एक्सपोजर थोडं चुकलं की आभाळ गेलंच. मी एकदा पन्हाळ्यावर पूर्ण रोल सूर्यास्ताच्या आधीच संपवला होता. ढग फाटून खरा उजेड आला तेव्हा कॅमेरा रिकामा. ती खंत अजून जात नाही. डिजिटलमुळे पडद्यावर लगेच दिसतं, चुकलं तर परत घेता येतं, हे उपकारच. पण आलेलं ऊन त्या पडद्याकडे बघण्यात निघून जातं, तेही खरं.

पावसाळा उतरताना पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर गेलं की जुनी शिस्त फार कामी येते. वारा ढग पळवत असतो, उन्हाचा एखादाच तुकडा समोरच्या उतारावरून सरकत येतो. फुलं पुढे, कातळ मध्ये, दऱ्या मागे अशी चौकट लावून बसायचं आणि तुकडा त्या कातळावर चढेपर्यंत हलायचं नाही.