अडलेल्याचे शब्द आणि जाणकाराचे शब्द

एखाद्या मोठ्या सेवेच्या किंवा सॉफ्टवेअरच्या सामुदायिक मदत संकेतस्थळावर लाखो प्रश्नोत्तरे साठलेली असतात. वापरकर्त्यांनीच विचारलेले प्रश्न आणि वापरकर्त्यांनीच दिलेली उत्तरे यांचा हा साठा वर्षानुवर्षे वाढत जातो आणि नव्याने येणाऱ्या पुष्कळ अडचणींचे उत्तर त्यात कुठे ना कुठे असते. तरीही तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात आणि जुन्या सदस्यांचे ठरलेले उत्तर येते, 'आधी शोधून तरी बघा'. मला हे उत्तर अन्यायाचे वाटते. विचारणाऱ्याने अनेकदा शोधलेले असते, फक्त त्याला सापडलेले नसते. आणि न सापडण्याची कारणे त्याच्या आळसात कमी व शोधव्यवस्थेच्या रचनेत जास्त असतात.

एक उदाहरण जवळून पाहू. एखाद्याने नवा मोबाईल घेतला आणि जुना विकून टाकला. आता खात्यात प्रवेश करताना त्याच्याकडे सहा आकडी कोड मागितला जातो, पण तो कोड दाखवणारे ॲप जुन्या मोबाईलबरोबरच गेले आहे. तो शोधपेटीत लिहितो, 'मोबाईल बदलला लॉगिन होत नाही'. त्याला हवे ते उत्तर साठ्यात आहे, मात्र त्या धाग्याचे, म्हणजे एक प्रश्न आणि त्याखालची उत्तरे असलेल्या पानाचे, शीर्षक आहे 'द्विस्तरीय पडताळणी: बॅकअप कोड वापरून खाते परत मिळवणे'. या दोन ओळींत एकही शब्द सामाईक नाही. अडलेला माणूस लक्षण सांगतो, जाणकार कारणाचे नाव घेतो, आणि ज्याला कारणाचे नाव ठाऊक आहे त्याची निम्मी अडचण आधीच सुटलेली असते. माहितीशास्त्रज्ञ निकोलस बेल्किन यांनी १९८० च्या सुमारास हाच पेच मांडला होता: आपल्याला काय माहीत नाही हे नेमके सांगता येण्याइतकीही माहिती शोधणाऱ्याकडे नसते, आणि शोधव्यवस्था त्याच्याकडून नेमके तेच मागत असते.

हा पेच किती खोल आहे, याचे मोजमाप संशोधक जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. पाककृतींपासून संगणकाच्या आज्ञांपर्यंत वेगवेगळ्या गोष्टींना लोक आपणहून कोणते नाव देतात, हे त्यांनी तपासले. दोन माणसांनी एकाच गोष्टीसाठी एकच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली. रचनाकाराने स्वतःला आवडलेला एकच शब्द ठरवून दिला, तर अनेक नेहमीच्या परिस्थितींत ८० ते ९० टक्के प्रयत्न फसतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता: एका गोष्टीकडे जाण्यासाठी शक्य तितकी नावे चालू द्यावीत.

नेहमीची शोधव्यवस्था आतून कशी चालते, हे पाहिले की या उपायाचे महत्त्व कळते. पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीप्रमाणे ती प्रत्येक शब्दासमोर तो कोणकोणत्या धाग्यांत आला आहे याची यादी ठेवते. शोध आला की त्यातील शब्दांच्या याद्या काढायच्या आणि धाग्यांना गुण द्यायचे. कोणत्या शब्दाला किती वजन द्यावे, याचे उत्तर संगणकशास्त्रज्ञ कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दिले: जो शब्द कमी ठिकाणी येतो, तो अधिक मोलाचा. समजा १० लाख धाग्यांपैकी ५ लाखांत 'समस्या' हा शब्द आहे आणि 'पडताळणी' फक्त ४०० धाग्यांत आहे, तर निवड करायला 'समस्या' जवळजवळ निरुपयोगी ठरतो. दुर्दैवाने, गोंधळलेला माणूस असेच सर्वत्र आढळणारे शब्द वापरतो, त्यामुळे ही पद्धत त्याच्याच बाबतीत सर्वांत दुबळी पडते.

मराठीत लिहिणाऱ्यापुढे आणखी अडथळे आहेत. 'खाते' हा शब्द 'खात्यात', 'खात्याचा', 'खात्यावरून' अशी रूपे घेतो. ही सगळी रूपे एका मुळाशी जोडली नाहीत, तर व्यवस्थेला ते वेगवेगळे शब्द वाटतात. आणि प्रत्यय सरसकट छाटत गेले, तर 'खात्यात' आणि 'खात नाही' एकाच मुळाशी जाऊन पोहोचतात. बरे, प्रत्यय नसला तरी 'हे ॲप बॅटरी खाते' या तक्रारीतले 'खाते' निराळेच. 'ॲप' हा शब्द तर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: 'ॲ' हे एकसंध अक्षर वापरून, किंवा 'अ' नंतर न दिसणारे जोडचिन्ह आणि चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. सूची तयार करताना आणि शोध घेताना अशा जोड्या एकरूप करून घेणे, 'मोबाईल' आणि 'मोबाइल' एकच मानणे, ही कामे छोटी आहेत. ती न केल्यास वाचकाला कारण कधीच कळत नाही. त्याला फक्त 'काही सापडले नाही' एवढेच दिसते.

अलीकडे शब्दांऐवजी अर्थ जुळवण्याची पद्धत रूढ होत आहे. वाक्याचे रूपांतर आकड्यांच्या लांब मालिकेत करायचे आणि जवळच्या अर्थाच्या वाक्यांच्या मालिका एकमेकींच्या जवळ याव्यात असे संगणकीय प्रारूपाला (मॉडेलला) शिकवायचे, हे तिचे तत्त्व. गूगलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'बर्ट' हे प्रारूप मांडल्यानंतर तिला मोठी गती मिळाली. आपल्या मोबाईल बदललेल्या माणसाला तिची खरी मदत होते. परंतु केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. '४०३' आणि '४०४' हे त्रुटी क्रमांक अर्थाने शेजारी भासतात. प्रत्यक्षात पहिल्यात प्रवेश नाकारलेला असतो, तर दुसऱ्यात पानच सापडलेले नसते. क्रमांक, आवृत्ती, उपकरणाचे नाव यांसाठी अक्षरशः जुळणीच हवी. म्हणून दोन्ही पद्धतींचे निकाल एकत्र करणे मला शहाणपणाचे वाटते.

मात्र सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित उपाय साठ्यातच पडलेला असतो, तो म्हणजे पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न. त्यांना कचरा समजून पुसून टाकले, की अडलेल्या माणसांनी आपल्या शब्दांत लिहिलेली लक्षणेही पुसली जातात. फर्नास यांना हवी असलेली अनेक नावे ती हीच. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रोग्रामिंगविषयक प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने यावर चांगली वाट काढली: दुहेरी प्रश्न बंद करून त्यावर मूळ प्रश्नाचा दुवा लावायचा आणि तो जागेवर राहू द्यायचा. पुढच्या वेळी 'मोबाईल बदलला' असे कोणी लिहिले, की तो बंद प्रश्न सापडतो आणि तिथून माणूस उत्तरापर्यंत पोहोचतो. नवा प्रश्न लिहायला घेताच तिथे मिळतेजुळते जुने प्रश्नही दाखवले जातात. शोधपेटीत दोन शब्द लिहिणारा माणूस प्रश्न विचारताना पूर्ण वाक्य लिहितो, म्हणून ही शोधाची दुसरी आणि अधिक चांगली संधी असते.

सापडलेल्या उत्तरांचा क्रम लावताना मतांचा आधार घेतात. येथे २ पैकी २ मते मिळालेले उत्तर १०० पैकी ९० मते मिळालेल्या उत्तराच्या वर जाऊ नये. मिळालेल्या मतांवरून खरी पसंती किमान किती असेल, याची खालची मर्यादा गणितज्ञ एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या सूत्राने काढता येते. ९५ टक्के विश्वासपातळीवर पहिल्याची ही मर्यादा सुमारे ३४ टक्के आणि दुसऱ्याची सुमारे ८३ टक्के येते, व क्रम योग्य लागतो. पण मते जुनी होतात, हे सूत्राला कळत नाही. जो मेनू नव्या आवृत्तीतून काढून टाकला आहे, त्याकडे बोट दाखवणारे उत्तर जुन्या मतांच्या जोरावर वर बसून राहते. त्यामुळे उत्तर कधी लिहिले, ते कोणत्या आवृत्तीसाठी आहे आणि विचारणाऱ्याचे काम त्याने झाले का, या गोष्टी निकालांच्या यादीतच दिसल्या पाहिजेत. धागा उघडून चाळीस प्रतिसाद वाचल्यावर नव्हे.

आपली शोधव्यवस्था सुधारली की नाही, हे क्लिकच्या आकड्यांवरून ठरवणे फसवे आहे. संगणकशास्त्रज्ञ थॉर्स्टन योआखिम्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निकालांचा क्रम मुद्दाम उलटा केला होता, तरी लोकांचा ओढा वरच्या निकालांकडेच राहिला. वर आहे म्हणून क्लिक मिळतो, आणि क्लिक मिळाला म्हणून ते आणखी वर जाते. त्याहून बोलकी नोंद वेगळी आहे: माणसाने काही शोधले, काहीच उघडले नाही आणि थोड्याच वेळात तोच विषय नवा प्रश्न म्हणून लिहिला. अशा जोड्या दर आठवड्याला वेगळ्या काढून एखाद्या जाणकाराने वाचल्या, तर कोणते लक्षण कोणत्या धाग्याला जोडायचे राहिले आहे, याची नेमकी यादी हाती येते.