आठवा सर्व्हर

१ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्कचा शेअर बाजार नेहमीप्रमाणे सकाळी साडेनऊला उघडला आणि पुढच्या पाऊण तासात नाइट कॅपिटल या दलाली कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. चोरी नाही, हॅकिंग नाही. कंपनीचीच प्रणाली कंपनीच्याच पैशाने शेअर घेत आणि विकत सुटली होती.

न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज त्या दिवशी किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू करत होतं. तिच्यात उतरायचं म्हणून नाइटने ग्राहकांच्या ऑर्डरी बाजारात पोचवणाऱ्या आपल्या राउटरसाठी नवा कोड लिहिला होता. राउटर आठ सर्व्हरवर चालायचा. २७ जुलैपासून रोज थोड्या थोड्या सर्व्हरवर हा कोड चढवला गेला. त्यात एका तंत्रज्ञाकडून एक सर्व्हर राहून गेला. दुसऱ्या कोणी येऊन आठही सर्व्हर बघावेत असा लेखी नियम कंपनीत नव्हता, त्यामुळे कोणी बघितलंही नाही.

आता, एक सर्व्हर जुन्या कोडवर राहिला तर फार तर त्याच्याकडची कामं नव्या योजनेत जाणार नाहीत, एवढंच व्हायला हवं होतं. पण त्या जुन्या कोडमध्ये ‘पॉवर पेग’ नावाचा एक भाग पडून होता. मोठी ऑर्डर बारीक तुकड्यांत बाजारात सोडायची, किती शेअर झाले ते मोजत राहायचं आणि आकडा भरला की थांबायचं, हे त्याचं काम. २००३ मध्ये त्याचा वापर थांबला, कोड मात्र कोणी काढला नाही. २००५ मध्ये ती मोजणी उचलून प्रणालीत आधीच्या टप्प्यावर नेली. त्यानंतर पॉवर पेग चालतो का, हे कोणी तपासलं नाही. वापरातच नाही, तर तपासायचं कशाला? आणि २०१२ मध्ये नव्या कोडसाठी नेमका तोच फ्लॅग, म्हणजे ऑर्डरीवरची खूण, पुन्हा वापरला, जो पूर्वी पॉवर पेग चालू करायचा.

त्यामुळे सकाळी ऑर्डरी आल्या तेव्हा सात सर्व्हरनी त्या खुणेचा नवा अर्थ घेतला, आठव्याने जुना. त्याने पॉवर पेग चालू केला. मोजणी तुटलेली असल्याने ऑर्डर पुरी झाली हे त्याला कळायची सोयच उरली नव्हती. २१२ छोट्या ऑर्डरींपोटी ४० लाखांहून अधिक सौदे झाले. १५४ कंपन्यांचे मिळून ३९ कोटी ७० लाखांवर शेअर हातचे गेले किंवा हातात आले.

कंपनीतल्या लोकांनी घाईघाईने शोधलेला उपाय तर विलक्षणच. दोष नव्या कोडचा असणार असं धरून त्यांनी तो बाकीच्या सात सर्व्हरवरून काढून टाकला. म्हणजे आता आठही सर्व्हर पॉवर पेगवर.

आपल्याकडे बँकेत काम केलेल्या कोणालाही ‘मेकर-चेकर’ सांगावं लागत नाही. एकाने एंट्री करायची, दुसऱ्याने पास करायची. नाइटला चेकर नव्हता, हा अमेरिकेच्या बाजार नियामकाचाही एक मुख्य आक्षेप होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने १ कोटी २० लाख डॉलरचा दंड लावला. पण चेकर असता आणि त्याच्यापुढे फक्त नवा कोड ठेवला असता, तर त्याने तो बिनदिक्कत पास केला असता, असं मला वाटतं. कारण अनर्थ घडला तो नवा कोड जिथे पोचलाच नाही तिथे. मंजुरी द्यायची ती कागदावर काय लिहिलंय त्याला नव्हे, तर यंत्रावर प्रत्यक्ष काय बसलंय त्याला.

हे बघणं अवघड नाही. फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर एक ठरावीक गणित चालवलं की अक्षरं-आकड्यांची एक छोटी ओळ मिळते. तिला हॅश म्हणतात. फाइल तीच असेल तर हॅश तोच येतो; एखादा स्वल्पविराम जरी बदलला तरी पार वेगळा येतो. आठ सर्व्हरवरच्या आठ फाइलींचे हॅश एकाखाली एक लावले असते तर वेगळी ओळ लगेच डोळ्यांत भरली असती. त्यासाठी कोड वाचता यायचीही गरज नाही.

दुसरी तपासणी हवी ती ऑर्डरी थांबवण्याच्या सोयीची. नको असलेले सौदे नाइटमध्ये ज्या खात्यात साचत होते, त्याला २० लाख डॉलरची मर्यादा ठरवलेली होती. पण ती ओलांडली म्हणून ऑर्डरी आपोआप बंद पडतील अशी जोडणीच नव्हती. शिवाय सकाळी आठपासून, बाजार उघडायच्या आधीच, प्रणालीने ९७ ईमेल पाठवले होते आणि त्यांत पॉवर पेगचं नाव होतं. ते धोक्याचा इशारा म्हणून कोणी नेमलेले नव्हते, म्हणून कोणी वाचले नाहीत.

त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजारात एका दलालाकडून चुकीच्या ५९ ऑर्डरी गेल्या, मिळून ६५० कोटी रुपयांहून मोठ्या. निफ्टी कोसळला, व्यवहार थांबले. इथे चूक माणसाच्या हातची होती, अल्गोरिदमची (म्हणजे आपोआप ऑर्डरी पाठवणाऱ्या प्रोग्रामची, थोडक्यात ‘अल्गो’ची) नव्हे. वाटेत अडवणारी मर्यादा मात्र दोन्हीकडे तितकीच लागते.

अल्गो वापरण्याआधी दलालाने एक्स्चेंजची परवानगी घ्यावी, हे सेबीने नाइटच्या घटनेच्या काही महिने आधी, मार्च २०१२ मध्येच सांगितलं होतं. फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबी आणखी पुढे गेली. ज्या अल्गोचं आतलं तर्कशास्त्र ग्राहकाला दिसत नाही, त्यात बदल केला तर तो पुन्हा नव्याने नोंदवायचा. नाइटला हा नियम लावला तर पॉवर पेगची मोजणी हलवली तेव्हा, २००५ मध्येच, नवी मंजुरी लागली असती. पण जो भाग बंद आहे असं सगळेच धरून चालले होते, त्याच्यासाठी अर्ज करायचं कोणाच्या डोक्यात आलं असतं?