पेशीविभाजन-जनुकांचे प्रतिलेखन-नियंत्रण (जीवाणूंतील)

पेशी दुभंगण्यासाठी लागणारी प्रथिने केव्हा आणि किती तयार व्हावीत, हे त्यांच्या जनुकांवरून आरएनए उतरवण्याच्या टप्प्यावरच, म्हणजे प्रतिलेखनावर, ठरवण्याच्या जीवाणूंच्या पद्धतींना मिळून ही संज्ञा वापरतात. विभाजनाचे मुख्य प्रथिन एफटीएसझेड असून ते पेशीच्या मध्यावर वलय रचते. एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूत हे वलय १९९१ मध्ये प्रथम दाखवण्यात आले.

ई. कोलायमध्ये विभाजनाची व पेशीभित्तिकेची अनेक जनुके गुणसूत्रावर एकाच ठिकाणी लागोपाठ असतात. या समूहाचे पहिले जनुक ज्या एमआरएझेड प्रथिनाचे आहे, ते समूहाच्या सुरुवातीच्या प्रवर्तकावर, म्हणजे जेथून प्रतिलेखन सुरू होते त्या डीएनएच्या तुकड्यावर, बसून स्वतःसह पुढील जनुकांचेही प्रतिलेखन दाबते. एफटीएसझेडच्या जनुकापर्यंत पोहोचणारे प्रवर्तक मात्र अनेक असून काही तर आधीच्या जनुकांच्या पोटातच आहेत. एसडीआयए व आरसीएसबी ही प्रथिने त्यांपैकी काहींना चालना देतात. परंतु यासंबंधीचे बरेचसे पुरावे ती प्रथिने अतोनात वाढवून केलेल्या प्रयोगांतले असल्याने नित्याच्या वाढीतील त्यांचे महत्त्व बेताचेच मानावे लागते. एफटीएसझेडचे प्रमाण येथे पेशीचक्रभर फारसे बदलत नाही. प्रतिलेखन कोठार भरलेले ठेवते. वलय कोठे बांधायचे हे अन्य प्रथिने ठरवतात.

डीएनएला इजा झाली की चित्र बदलते. एरवी लेक्सए हा निरोधक ज्या जनुकांना दाबून ठेवतो त्यांत एसयूएलएचे जनुक येते. इजेनंतर आरईसीए प्रथिनाच्या साहाय्याने लेक्सए स्वतःच तुटतो, एसयूएलए तयार होऊन एफटीएसझेडची जुळणी रोखते, आणि पेशी न दुभंगता लांबत जाते. दुरुस्ती झाल्यावर लॉन हे प्रथिनभंजक एसयूएलएचा नाश करते.

प्रतिलेखनाचे घड्याळ खऱ्या अर्थाने चालते ते गोड्या पाण्यातील कॉलोबॅक्टरमध्ये. त्याच्या पोहणाऱ्या पेशीत सीटीआरए हे प्रथिन गुणसूत्राच्या द्विगुणनाचा आरंभबिंदू अडवून धरते आणि एफटीएसझेडचे जनुकही बंद ठेवते. पेशीला देठ फुटण्याच्या वेळी सीटीआरए नष्ट होते व ते जनुक मोकळे होते. पुढे सीटीआरए पुन्हा साठते, एफटीएसझेडचे प्रतिलेखन थांबवते आणि विभाजनाच्या उत्तरार्धात लागणाऱ्या एफटीएसक्यू व एफटीएसए यांची जनुके सुरू करते. डीएनएवरील मिथिल खुणा व जीसीआरए प्रथिन यांचाही या क्रमात हात असतो.

पहिल्या पावसात तापीकाठच्या काळ्या जमिनीला येणाऱ्या वासात ज्यांचा वाटा असतो, त्या स्ट्रेप्टोमायसीस जीवाणूंत बीएलडीडी हा निरोधक एफटीएसझेडचे जनुक दाबतो. बीजाणू धरण्याच्या वेळी डब्ल्यूएचआयए व डब्ल्यूएचआयबी ही प्रथिने त्याच जनुकाला चालना देतात आणि एकाच तंतूत वलयांची शिडी उभी राहते.

खानदेशात रब्बीच्या हरभऱ्याचे बियाणे पेरणीपूर्वी गुळाच्या पाण्यात कालवलेले रायझोबियम हे नत्र स्थिर करणारे जीवाणू चोळून सावलीत वाळवतात. फुलोऱ्याच्या सुमारास झाड मुळासकट अलगद खणून काढले तर मुळांवर गाठी दिसतात, आणि नखाने फोडलेली चांगली गाठ आतून तांबूस-गुलाबी निघते. तो रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतील प्रथिनाचा. गाठीतले जीवाणू कॉलोबॅक्टरच्याच वर्गातले असून सीटीआरए त्यांच्यातही असते. या संदर्भातला तपशीलवार अभ्यास झाला तो हरभऱ्याच्या जवळच्या, लसूणघास ज्यात मोडतो त्या मेडिकॅगो प्रजातीवर. तिच्या गाठीतील पेशी सिस्टिनयुक्त लहान पेप्टाइडे जीवाणूंवर सोडतात. त्यांतील एनसीआर-२४७ या पेप्टाइडाने सीटीआरएचे व त्याच्या अखत्यारीतील जनुकांचे प्रतिलेखन घटते आणि विभाजन थांबते, तरी डीएनएचे द्विगुणन चालूच राहते. असे फुगलेले, गुणसूत्राच्या २४ पर्यंत प्रती बाळगणारे जीवाणू नत्र स्थिर करतात, पण पुन्हा कधी दुभंगत नाहीत. गाठ कुजल्यावर मातीत परततात ते संसर्गतंतूत, म्हणजे जीवाणू मुळात ज्या नळीतून शिरतात तीत, राहून गेलेले, रूपांतर न झालेले त्यांचे भाऊबंद.