सूक्ष्मगुरुत्वातील प्रथिन-स्फटिकवाढ

कक्षेतील यानात प्रथिनांचे स्फटिक वाढवण्याची प्रायोगिक पद्धत. ४०० किमी उंचीवरही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते. मात्र यान आणि त्यातील द्रावण एकत्रच मुक्तपतनात असल्याने वजन जाणवत नाही.

वाढता स्फटिक भोवतालचे प्रथिन ओढून घेतो, त्यामुळे तिथले द्रावण विरळ आणि हलके होते. जमिनीवर ते लगेच वर सरकते आणि त्याजागी दाट द्रावण येते. स्फटिक भराभर वाढतो, दोषही साठतात. शिवाय जड झालेले स्फटिक तळाशी बसून एकमेकांत रुततात. कक्षेत हे अभिसरण जवळजवळ थांबते. विरळ द्रावणाचे कवच टिकून राहते आणि रेणू केवळ विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत, येतात. आकाराने मोठे अशुद्ध रेणू यात मागे पडतात, म्हणून स्फटिकाच्या जाळीत कमी शिरतात.

चाचणीसाठी बहुधा कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम हे प्रथिन घेतात. सुमारे ४.५ सामूच्या सोडियम ॲसिटेट बफरमध्ये (सामू स्थिर राखणाऱ्या द्रावणात) मिलिलिटरला ५० मिग्रॅ प्रथिन विरघळवून त्याचे काही मायक्रोलिटर तितक्याच मिठाच्या द्रावणात मिसळतात. हा थेंब त्याच मिठाच्या द्रावणासोबत, पण त्यात न मिसळता, बंद कप्प्यात ठेवला की थेंबातले पाणी हळूहळू उडते, द्रावण अतिसंपृक्त (मावेल त्याहून जास्त प्रथिन असलेले) होते आणि बहुधा एक-दोन दिवसांत स्फटिक दिसू लागतात.

खरी अडचण इथेच आहे. उड्डाण लांबले तर स्फटिक प्रक्षेपणतळावरच धरू लागतात. म्हणून दोन्ही द्रावणे वेगळी ठेवून कक्षेत पोहोचल्यावरच एकत्र करतात, किंवा नमुने गोठवून नेतात. कक्षेत प्रयोगाच्या नळीत शिरलेला हवेचा बुडबुडा वर जाऊन फुटत नाही, तिथेच अडकून विसरणाची वाट अडवतो. थेंबाच्या उघड्या पृष्ठभागावर पृष्ठताणातील फरकामुळे प्रवाह चालूच राहतात. अंतराळवीरांचा व्यायाम आणि यानांची जोडणी यांचे हादरे वेगळेच. त्यामुळे त्याच घाण्यातले (एकाच वेळी बनवलेले) द्रावण, तोच विलंब आणि तेच तापमान राखून जमिनीवर जोडप्रयोग केला नसेल, तर निष्कर्षाला फारशी किंमत नाही.

१९८३ मध्ये स्पेसलॅब-१ या स्पेस शटलमधील प्रयोगशाळेतून जर्मन रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर लिटके यांच्या प्रयोगातील स्फटिक परतले, तेव्हा चर्चा आकाराची होती. पण मोठा स्फटिक चांगलाच असतो असे नाही. कस लागतो तो क्ष-किरण विवर्तनात, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांवरून प्रथिनाची रचना ओळखताना. औषधनिर्मितीत तर लहान, एकसारखे स्फटिकच हवे असतात. २०१७ मध्ये मर्क कंपनीने अंतराळस्थानकात वाढवलेले पेम्ब्रोलिझुमॅब या कर्करोगावरील प्रथिन-औषधाचे स्फटिक सरासरी ३९ मायक्रोमीटरचे निघाले. जमिनीवर मात्र १३ आणि १०२ मायक्रोमीटर असे दोन गट पडले.