वांग

गालांची हाडे, कपाळ, नाकाचा दांडा आणि वरचा ओठ यांवर दोन्ही बाजूंना साधारण सारखे पसरणारे तपकिरी किंवा करडे डाग म्हणजे वांग. डॉक्टर त्याला मेलाझ्मा म्हणतात. इंदूरच्या मराठी घरांत आजी वांग म्हणते, तर नातसून शेजारणींप्रमाणे ‘झाइयां आल्यात’ म्हणून सांगते. सुश्रुतसंहितेत ‘व्यंग’ हा क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ विकारांत, गणला असून नीरुज, तनु आणि श्याव अशी त्याची लक्षणे दिली आहेत. आजही तपासताना हेच दिसते: डाग दुखत नाही, जाड लागत नाही आणि काळसर असतो. हा संसर्ग नव्हे, अस्वच्छतेचा परिणामही नव्हे. बाईने चेहऱ्याची काळजी घेतली नाही म्हणून तो आला, हे बोलणे साफ चुकीचे आणि दुखावणारे आहे.

बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या रंगपेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात. अनुवंश, गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि ऊन यांमुळे या पेशी गरजेपेक्षा जास्त काम करू लागतात. रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि उपचारांना लवकर दाद देतो; खाली उतरलेले असेल तर निळसर-करडा दिसतो आणि चिवट असतो. बहुतेकांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. बायकांत प्रमाण अधिक, पण उन्हात हिंडणाऱ्या पुरुषांनाही वांग येतो.

माळव्याच्या थंड रात्रींचा लौकिक मोठा, त्यामुळे इथल्या उन्हाला लोक कमी लेखतात. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, सुमारे २२.७ उत्तर अक्षांशावर आहे; जूनच्या आरंभी आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर असतो. स्कूटरवरून जाणाऱ्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणी गुंडाळतात, ही सवय उत्तम आहे. मात्र विरळ विणीच्या पांढऱ्या मलमलीतून ऊन आत येते. घट्ट विणीचे गडद सुती कापड जास्त अडवते. ओढणी असली तरी सनस्क्रीन लागतेच. एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा अधिक, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके, आणि बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा. डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळ्या त्वचेतला वांग गडद करतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. हा उपचाराचा पायाच आहे. तो सोडून लावलेले महागडे मलम वाया जाते.

औषधांत हायड्रोक्विनोन हे रंगद्रव्य कमी करणारे मलम जुने आणि परिणामकारक. क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये ते ट्रेटिनॉइन (‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध) आणि स्टेरॉइड यांच्याबरोबर एकत्र वापरले. आजची तिहेरी मलमे त्याच वाटेवरची आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजके आठवडे, रात्री लावायची असतात. अडचण इथेच होते. इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास खरेदीला गेलेली बाई औषधाच्या दुकानात ‘डागांवर काहीतरी द्या’ म्हणते आणि स्टेरॉइड असलेली ट्यूब घेऊन येते. आठ-दहा दिवसांत चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात, तीच ट्यूब जावेकडे आणि नणंदेकडे पोचते. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, पुरळ आणि लव वाढते. ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. अशा मलमांना चिठ्ठीच्या नियमातून असलेली सूट केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढून घेतली आणि ती चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी विक्री थांबलेली नाही, आणि याची चीड यायला हवी. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे लावल्यास निळसर-काळे, कायमचे डागही पडू शकतात.

ॲझेलाइक आम्ल सौम्य असून गरोदरपणीही चालते. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन तेव्हा टाळतात. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या चिवट वांगात गुण देतात, पण रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती असलेल्यांना त्या देत नाहीत. पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) आणि लेझर यांचा वापर जपून करावा लागतो, कारण सावळ्या त्वचेवर भाजल्यासारखे होऊन डाग वाढू शकतो. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि वांग परत येऊ शकतो.

दुधात उगाळलेले जायफळ, मसुराचे पीठ, लिंबू हे उपाय घरोघर चालतात. लिंबाचा रस लावून उन्हात जाणे तर घातकच: त्यातल्या द्रव्यांवर ऊन पडून कातडी भाजते आणि नवा डाग उठतो. घासणीने चोळून डाग जात नाही, वाढतो. रंगपंचमीच्या गेरीनंतर, म्हणजे इंदुरातल्या रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीनंतर, ज्यांचा चेहरा खाजून लाल होतो, त्यांच्याही गालांवर पुढे काळपट डाग उरतात. रंग खेळण्याआधी तेल किंवा व्हॅसलीन लावावे आणि नंतर घासू नये.

प्रत्येक काळा डाग वांग नसतो. केसांच्या कलपाची ॲलर्जी कपाळ आणि कानांपुढची कातडी करडी करते. बोटांच्या पेरांवरचा काळेपणा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येऊ शकतो. शाकाहारी घरांत हे लक्षात ठेवावे. मान आणि काखेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल, तर मळ समजून ती घासत बसू नये. ते बहुधा इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याचे चिन्ह असते. अशा वेळी क्रीम विकत घेण्याआधी रक्तातील साखर तपासावी, विशेषतः घरात मधुमेह असेल आणि मूल लठ्ठ असेल तर.