घरात नसलेला बाप आणि आयुष्यात नसलेला बाप

‘बापाविना वाढलेली पोरं हाताबाहेर जातात’ हे ऐकून कान किटले. या एका वाक्यात दोन अगदी वेगळी माणसं एकाच तागडीत घातलेली असतात. घरात नसलेला बाप कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे: नोकरीपायी दूर असलेला किंवा घटस्फोटानंतर वेगळा राहणारा. वडील वारलेले असतील तर गोष्टच निराळी. तिथे दुःख असतं, पण ‘त्यांना मी नकोसा झालो का?’ हा प्रश्न मुलाला कुरतडत नाही.

गल्लत होते ती पुढे. वेगळा राहतो, म्हणजे मुलाला बाप नाहीच, असं लोक धरून चालतात. नाहीतर याच्या उलट: दर रविवारी भेटतो ना, मग झालं की! दोन्ही चूक. पॉल अमॅटो आणि जोन गिलब्रेथ या अमेरिकी संशोधकांनी १९९९ मध्ये वेगळ्या राहणाऱ्या वडिलांबद्दलचे ६३ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या भेटी किती होतात, याचा मुलांच्या भल्याशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो खर्चाचे पैसे देण्याशी, मुलाला वाटणाऱ्या जवळिकीशी आणि खऱ्याखुऱ्या वडीलकीशी, म्हणजे अभ्यासात मदत करणं, अडचण ऐकून घेणं, चुकलं तर समजावून थांबवणं.

मुलगी फोनवर म्हणते, ‘पेपर बरा गेला.’ ‘बरा म्हणजे? अपूर्णांकांची गणितं सुटली का?’ असं विचारणारा बाप कितीही लांब असला तरी तिच्या आयुष्यात आहे. तिला धास्ती कशाची होती, ते त्याच्या लक्षात आहे. सिनेमा दाखवून, खेळणं हातात देऊन संध्याकाळी दारात सोडणारा मात्र पाहुणाच. आणि एकाच छपराखाली राहून पोर कितवीत आहे हे बायकोला विचारणारा? कागदोपत्री तोही हजरच.

सगळ्यात चीड येते ती एकट्या आईवर खापर फोडण्याची. बाप निघून गेला की बहुतेकदा उत्पन्न घटतं, घर बदलतं, शाळा बदलते. भांडणं तर आधीपासूनची असतात. हे सारं वजा केल्यावर उरतं काय? समाजशास्त्रज्ञ सारा मॅकलॅनहन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. मुलांचं वागणं बिघडणं, शालेय शिक्षण अर्धवट सुटणं, मोठेपणी मनःस्वास्थ्य ढासळणं, यांवर बाप घरात नसण्याचा परिणाम होतो, याचा पुरावा बराच ठाम निघाला. चाचण्यांतल्या गुणांबाबत मात्र तो कमकुवत होता. तेव्हा ‘बाप नाही, म्हणून अभ्यासात डोकं चालत नाही’ असं वर्गात बोलणं शिक्षकांनी आधी बंद करावं.