पैसे द्यायचेच तर गप्प बसणाऱ्याला द्या

ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशी स्टेशनच्या आसपास एखाद्या हॉटेलात जेवून बिल द्यायला काउंटरवर गेलं, की पैसे भरायच्या क्यूआर कोडशेजारी हल्ली आणखी एक क्यूआर कोड चिकटवलेला दिसतो. खाली मजकूर असतो : '५ स्टार द्या, स्क्रीनशॉट दाखवा, सोलकढी फ्री.' मागे रांग लागलेली, समोर मालक बघतोय. गिऱ्हाईक पाच चांदण्या दाबतं, 'मस्त जेवण' एवढंच लिहितं, सोलकढी पितं आणि बाहेर पडतं. व्यवहार एका पेल्याचा. पण त्या अर्ध्या मिनिटात त्या हॉटेलाबद्दलची माहिती बिघडली, आणि ती किती बिघडली हे हिशेब मांडून दाखवता येतं.

रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना मोबदला मिळावा का, हा प्रश्न रास्त आहे. घोडबंदर रोडवरचा डेंटिस्ट शोधताना किंवा खारघरमध्ये पाळणाघर निवडताना आपण जे वाचतो, ते कुणीतरी आपला वेळ घालून फुकट लिहिलेलं असतं. त्याला बाजारात किंमतही आहे. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेले मायकल लुका यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमधल्या रेस्टॉरंटांचे येल्प या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवरचे स्टार आणि त्यांची सरकारदरबारी नोंदलेली विक्री एकमेकांशी ताडून पाहिली. २०११ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. हा फायदा एकेकट्या हॉटेलांना मिळत होता. मोठ्या साखळ्यांना नाही, कारण त्यांचं नाव आधीच माहीत असतं. ज्याच्या शब्दावर एवढा पैसा हलतो त्याच्या हाती काहीच पडू नये, हे खटकतं. तरीही दर रिव्ह्यूमागे पैसे मोजणं हा त्यावरचा सगळ्यात वाईट उपाय आहे.

आधी फुकटच्या रिव्ह्यूंकडे पाहू, कारण तेही निर्दोष नाहीत. रिव्ह्यू कोण लिहितं? जो भारावून गेलाय तो, नाहीतर ज्याचं डोकं फिरलंय तो. 'ठीक होतं, पोट भरलं' असं वाटणारा माणूस रिक्षा पकडून घरी जातो. त्यामुळे स्टारांचा आलेख काढला तर पाचवर उंच खांब, एकवर छोटा खांब आणि मधे खड्डा दिसतो. त्याला इंग्रजी 'जे' अक्षराचा आकार म्हणतात.

आता हिशेब. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. एका हॉटेलात महिन्याला १,००० गिऱ्हाइकं येतात. त्यांतली १०० बेहद्द खूश (मनातले स्टार ५), ८०० समाधानी (४), ५० नाराज (२) आणि ५० संतापलेली (१). सगळ्यांच्या मनातलं मत गोळा करता आलं तर सरासरी निघते ३.८५. हे त्या हॉटेलाचं खरं माप.

कुणी काही देत नाही तेव्हा खूश असलेल्यांपैकी १० जण लिहितात, ८०० समाधानींपैकी फक्त ४, नाराजांपैकी १ आणि संतापलेल्यांपैकी १०. एकूण २५ रिव्ह्यू, सरासरी ३.१२. म्हणजे चांगल्या हॉटेलाची उगीच बदनामी.

आता सोलकढी सुरू करा. खूश असलेले ३० जण लिहितात. समाधानींपैकी ८० जण लिहितात, पण मालकासमोर उभं राहून ४ कोण देणार? तेही ५ देतात. नाराज १ आणि संतापलेले १० पूर्वीसारखेच घरी जाऊन लिहितात. एकूण १२१ रिव्ह्यू, सरासरी ४.६४.

खरं माप ३.८५. फुकटात ते ०.७३ ने खाली गेलं होतं, सोलकढीनं ०.७९ ने वर गेलं. चूक जवळपास तेवढीच राहिली, दिशा तेवढी बदलली. शिवाय आता रिव्ह्यूंची संख्या पाचपट झाल्यामुळे वाचणाऱ्याला ती चूक जास्त भरवशाची वाटते. हा भाग जास्त घातक आहे.

पण पैसा फक्त कोण लिहितं एवढंच बदलत नाही, तर लिहिणारा का लिहितो तेही बदलतो. इस्रायलमधल्या हायफा विद्यापीठात युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी १६० विद्यार्थ्यांना ५० प्रश्न सोडवायला दिले. हजेरीचे ६० शेकेल (तिथलं चलन) सगळ्यांना मिळणार होते. एका गटाला त्यापलीकडे काही नव्हतं. त्यांची सरासरी २८.४ बरोबर उत्तरं. दुसऱ्या गटाला दर बरोबर उत्तराला शेकेलचा दहावा भाग, म्हणजे चिल्लर. त्यांची उत्तरं वाढायला हवी होती, ती २३.१ वर घसरली. दर बरोबर उत्तराला एक शेकेल मिळणाऱ्या गटात ३४.७, तीन शेकेल मिळणाऱ्या गटात ३४.१. अर्थ सरळ आहे. काहीच न मिळणारा माणूस काम म्हणून मनापासून करतो. चिल्लर हातावर ठेवली की तो कामाची किंमत मोजायला लागतो, आणि ती एवढीच निघाली तर मेहनतही तेवढीच करतो. रिव्ह्यूसाठी कुठलाही दुकानदार देऊ शकेल ती रक्कम नेमकी याच चिल्लरच्या पट्ट्यात येते.

रक्तदानाचं उदाहरण इथे नेहमी दिलं जातं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५० क्रोनर देऊ केल्यावर रक्तदाता व्हायला तयार होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३० वर आलं. तीच रक्कम धर्मादाय संस्थेला देण्याची मुभा दिली तेव्हा ते पुन्हा ५३ टक्के झालं. पुरुषांमध्ये असा ठळक फरक दिसला नाही. या एका प्रयोगावरून 'पैसा आला की दानत जाते' असा नियम करू नये. अमेरिकेत ओहायोमध्ये रक्तदान शिबिरांत ५, १० आणि १५ डॉलरची गिफ्ट कार्डं ठेवली तेव्हा दाते वाढले. जेवढी रक्कम मोठी तेवढे जास्त. अर्थात त्यांतले काही शेजारच्या शिबिराकडून इकडे वळलेले होते.

मग रिव्ह्यूला ओहायोचा न्याय का लावू नये? कारण रक्ताची पिशवी लॅबमध्ये तपासता येते. दाता पैशासाठी आला असो वा पुण्यासाठी, हिमोग्लोबिन तेच निघतं. मताची अशी तपासणी नाही. 'पनीर ताजं होतं' हे वाक्य मनापासून आलं की सोलकढीतून, हे वाक्यावरून कळत नाही. रिव्ह्यूची सगळी किंमत लिहिणाऱ्याला त्यात काही मिळणार नव्हतं या एका गोष्टीवर टिकलेली असते.

प्रत्यक्ष रिव्ह्यूंवरही प्रयोग झालेत. गॉर्डन बर्च आणि सहकाऱ्यांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास चीनमधल्या एका ऑनलाइन कपड्यांच्या दुकानाच्या ग्राहकांवरचा आहे. पैसे देऊ केले तेव्हा रिव्ह्यूंची संख्या वाढली. 'इतर किती ग्राहकांनी लिहिलंय' एवढं सांगितलं तेव्हा रिव्ह्यू लांब झाले. दोन्ही एकत्र केलं तेव्हा संख्या आणि लांबी दोन्ही सुधारल्या. शाबासकीचा जोरही कमी नाही. विकिपीडियावर सर्वाधिक काम करणाऱ्या १ टक्का संपादकांमधून काहींना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि त्यांच्या पानावर फक्त एक शाबासकीचं पदक लावलं, तर पुढच्या तीन महिन्यांत त्यांचं काम पदक न मिळालेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त भरलं. २०१२ चा हा प्रयोग. एक रुपयाही खर्च झाला नाही.

गूगल मॅपवर रिव्ह्यू आणि फोटो टाकणाऱ्यांसाठीची लोकल गाइड्स योजना २०१५ पासून याच तत्त्वावर चालते. रिव्ह्यूला १० गुण, तो २०० अक्षरचिन्हांपेक्षा लांब असेल तर आणखी १०, फोटोला ५. एक लाख गुण झाले की दहावी पातळी. पैसे नाहीत, नावापुढे बिल्ला. पण गुणही मोजून द्यायला लागलं की माणूस गुणांसाठी लिहू लागतो. ठाण्यातल्या तलावपाळीचे एकाच बाकावरून काढलेले दहा फोटो दिसतात, ते याचंच फळ. मोबदला कुठलाही असो, जे मोजाल ते वाढेल. उपयुक्तता मोजली जात नसेल तर ती वाढणार नाही.

मजुरीचा प्रश्न न्यायालयातही गेलाय. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीच्या चॅटरूम सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनी १९९९ साली किमान वेतनासाठी दावा लावला. २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यांना कामाच्या ठरलेल्या पाळ्या होत्या, अहवाल द्यावे लागत. येल्पवर रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी केलेला तसाच दावा कॅलिफोर्नियातल्या न्यायालयानं २०१५ मध्ये फेटाळला. फरक पटण्यासारखा आहे. पाळी लावून राबवून घेत असाल तर ती नोकरी आहे, तिचा पगार द्या. मनात आलं म्हणून लिहिलेली चार वाक्यं नोकरी होत नाहीत.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्यात माणसं आयुष्याची पुंजी घालवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो : घरबसल्या पार्ट-टाइम काम, गूगल मॅपवर हॉटेलांना पाच स्टार द्या, दर रिव्ह्यूला ५० ते १५० रुपये. पहिल्या दोन-तीन रिव्ह्यूंचे पैसे खरंच खात्यात येतात, तेच आमिष. मग टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतात, तिथे इतर सदस्य कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात (ते त्याच टोळीतले). पुढे 'प्रीपेड टास्क' येतो : १,००० भरा, १,३०० मिळतील. मिळतातही. मग ५,०००, ३०,०००, दोन लाख. स्क्रीनवर शिल्लक वाढताना दिसते, पण काढायला गेलं की 'टॅक्स भरा', 'टास्क चुकला, पुन्हा भरा'. ठाणे आणि नवी मुंबईच्या सायबर पोलिसांकडे अशा तक्रारी सतत येतात. पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो) हाताशी ठेवा. पुढच्या खात्यातून रक्कम निघायच्या आत ती गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : जिथे काम करण्यासाठी तुम्हालाच पैसे भरावे लागतात, तिथे काम नसतंच.

कायद्याची स्थिती थोडक्यात. भारतीय मानक ब्यूरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. ते ऐच्छिक आहे. लिहिणाऱ्याची खातरजमा करावी, रिव्ह्यूत फेरफार करू नये, मोबदला देऊन मिळवलेला रिव्ह्यू तसा जाहीर करावा, असं त्यात अपेक्षित आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केली तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गूगलच्या नियमांनुसार सोलकढीसुद्धा चालत नाही. मोबदल्याचे रिव्ह्यू काढून टाकले जाऊ शकतात. अ‍ॅमेझॉननं विक्रेत्यांनी वस्तू फुकट देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद केले.

मग प्रामाणिक हॉटेलवाल्यानं काय करायचं? वरच्या हिशेबातली खरी अडचण त्या ८०० समाधानी, गप्प माणसांची आहे. पैसा त्यांचं मौन मोडण्यासाठी वापरावा, आणि तोही गूगलवर लिहून घ्यायला नव्हे, तर स्वतःला कळावं म्हणून. महिन्याच्या १,००० बिलांपैकी ६० बिलं चिठ्ठ्या टाकून निवडा. बिल क्रमांकाचे शेवटचे दोन अंक घेतले तरी चालेल : ०७, २३, ३८, ५१, ६६ आणि ९४ वर संपणारी सगळी बिलं, म्हणजे बरोबर ६० होतात. निवड वेटरवर सोडलीत तर तो हसऱ्या टेबलाकडेच जाईल. मोबाइल नंबर बिलाच्या वेळी, परवानगी विचारूनच घ्या. मेसेज दुसऱ्या दिवशी सकाळी ११ च्या सुमारास पाठवा. रात्री पोट भरलेलं असताना सगळंच चांगलं वाटतं. उत्तराला ५० रुपये, मत काहीही असो, आणि ही अट मेसेजमध्येच लिहा. दोन दिवसांनी एकदाच आठवण द्या.

६० पैकी ३० जणांनी उत्तर दिलं तर खर्च १,५०० रुपये. आपल्या उदाहरणातल्या हॉटेलात अशी ३० उत्तरं घेतली तर १०० पैकी सुमारे ९५ वेळा सरासरी ३.५ ते ४.२ च्या मधे पडेल, म्हणजे खऱ्या ३.८५ च्या आजूबाजूलाच. १२१ सोलकढ्यांनी जे कळलं नाही, ते ३० उत्तरांनी कळतं. मात्र ६० पैकी ८-१० च उत्तरं आली तर सरासरी काढू नका. गप्प राहिलेले पुन्हा गप्पच राहिलेत. तेव्हा रक्कम वाढवण्याआधी प्रश्न कमी करा. तीनपेक्षा जास्त प्रश्न असले की माणूस मेसेज बंद करतो.

मेसेज असा असावा : 'नमस्कार. काल रात्री आपण आमच्याकडे जेवलात. तीनच प्रश्न आहेत. १) १ ते ५ पैकी किती गुण द्याल? २) काय आवडलं नाही? ३) पुन्हा याल का? उत्तर चांगलं असो वा वाईट, ५० रुपये आजच जमा करू. हे उत्तर आम्ही कुठेही छापणार नाही.' दुसऱ्या प्रश्नात 'काय आवडलं?' असं विचारू नका. गोड उत्तरं मिळतील, आणि आमटी खारट झाली होती ते कुणी सांगणार नाही.